निघावी, पण निसटू नये

एका रविवारी मी मोजलं. सकाळी नऊपासून दुपारी दीडपर्यंत मी मागच्या पडवीतून घरात तेवीस खेपा केल्या. कुकर बंद करायला, आईला साडेदहाची गोळी द्यायला, दाराशी आलेल्या गॅसवाल्यासाठी, स्वयंपाकघरातल्या कट्ट्याची उंची पुन्हा एकदा मोजायला, आणि चहासाठी तर किती वेळा. तेवीस वेळा पायातलं काढलं, तेवीस वेळा घातलं. त्यातल्या निम्म्या वेळी दोन्ही हात भरलेले होते. एका हातात सरस लावलेला स्टुलाचा पाय, दुसऱ्यात ओलं फडकं. अशा वेळी खाली वाकून नाडी सोडायची कशी?

त्या दिवसापासून मी या प्रश्नाच्या मागे लागले. जवळजवळ दीड वर्ष गेलं त्यात.

आमचं घर कोल्हापुरात. मागच्या बाजूला पत्र्याची पडवी आहे, दहा बाय चौदाची, खाली शहाबादी फरशी. तिथे माझ्या वडिलांचं, आप्पांचं, सागवानी कामाचं टेबल आहे आणि त्यांची हत्यारं: लाकूड कोरायच्या धारदार पटाश्या, रंधे, गुण्या, करवती, गिरमिट. आप्पा इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, शिवाजी उद्यमनगरात, पॅटर्नमेकर होते. फौंड्रीत लोखंड ओतण्याआधी वाळूच्या साच्यात जो लाकडी नमुना दाबतात, तो घडवणारा सुतार. ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून त्यांची मोजपट्टीसुद्धा तेवढी लांब आखलेली असायची. ती पट्टी अजून भिंतीवर आहे. चुकून कुणी तिच्यानं स्टूल मोजू नये म्हणून मी तिला लाल दोरा बांधलाय. मी स्वतः नोकरी सोडल्यावर, पन्नाशीनंतर, या कामाला हात घातला. पाट, चौरंग, स्टुलं, शेजारच्यांचा एखादा देव्हारा. रोज चार-पाच तास उभं राहून काम होतं.

आपल्याकडे पायातलं बाहेर काढून घरात यायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण पडवीच्या बाबतीत ती नुसती रीत राहत नाही. रंध्याच्या ढलप्या मोठ्या असतात, दिसतात, झाडूनं गोळा होतात. पॉलिशपेपरनं घासल्यावर जो पिठासारखा भुसा उडतो तो दिसत नाही, आणि तो सगळीकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. ती भीती मुख्यतः वर्षानुवर्षं कारखान्यात भुसा नाकात जाणाऱ्यांसाठी आहे, हे मला कळतं. पण आई घरात अनवाणी हिंडते, जमिनीवर बसून भाजी निवडते. माझ्या तळव्याला चिकटून तो भुसा तिच्या परातीपर्यंत जाणं मला चालणार नाही. म्हणून पडवीतलं पडवीत आणि घरातलं घरात, हा नियम मी मोडत नाही. तेवीस वेळा तर तेवीस वेळा.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखीच रबरी स्लीपर घालत होते. आईच्या भाषेत सपाता. पाय सरकवला की झालं, पाय झटकला की निघाली. उंबरठ्यापुरती याहून सोयीची वस्तू नाही.

मग एका दुपारी पाऊण इंची पटाशी टेबलाच्या कडेवरून घरंगळली. आप्पांनी लहानपणी एक गोष्ट घोकून घेतली होती: पडणाऱ्या पटाशीला हात लावायचा नाही, पाय मागे घ्यायचा. हात आवरला गेला. पाय मागे घेतला तर स्लीपर जागेवरच राहिली, टाच तिच्यावरून उतरली आणि मी अडखळले. पटाशीनं स्लीपरचा पट्टा कापला आणि अंगठ्याशेजारच्या बोटाला चाटून गेली. तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, जरा इकडे असती तर बोट वर उचलणारी शीर गेली असती.

घरात बोटाला पट्टी बांधून बसले होते तेव्हा आप्पांची दुसरी एक आठवण झाली. बुटाची मागची बाजू दाबून त्याची सपाता करून घालायची सवय आपल्याकडे सर्रास दिसते, मलाही होती. शाळेचे बूट मी तसेच घालायचे. आप्पा एरवी ओरडायचे नाहीत, पण त्यावर ओरडायचे. "टाच मोडू नको बुटाची. टाच मोडली की तो बूट राहिला नाही." मला वाटायचं, बूट लवकर खराब होतो म्हणून रागावतात. त्यांना काय म्हणायचं होतं ते तीन टाक्यांनंतर कळलं. सुतार मागे सरकतो. रंधा मारताना मागचा पाय जमिनीला रेटा देतो. करवत चालवताना अंग पुढेमागे होतं. ज्या पादत्राणाला टाच नाही, ते मागे जाणाऱ्या पायाबरोबर येत नाही.

आणखी एक गोष्ट मला पट्टी बांधलेल्या दिवसांत लक्षात आली, कारण तेव्हा मी माझ्याच पायांकडे बघत बसले होते. स्लीपर घालून चालताना पायाची बोटं सतत किंचित वाकलेली असतात. चप्पल निसटू नये म्हणून ती तिला धरून ठेवतात. आपल्याला जाणवत नाही, पण दिवसभर बोटं आवळलेली असतात. संध्याकाळी माझ्या पोटऱ्या भरून यायच्या आणि सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ यायची. मी ते वयावर ढकललं होतं. जी चप्पल पायाला धरून ठेवावी लागते, ती आरामाची म्हणता येत नाही. उलट तिनं पायाला धरलं पाहिजे.

पुढचे काही महिने मी बरंच काही घालून पाहिलं. भोकाभोकांचे, फोमचे ढगळ चढाव आणले. हलके, धुता येणारे, तळव्याला मऊ. पण वरच्या भोकांतून ढलप्या आत येत होत्या, आणि मऊपणा दोन महिन्यांत टाचेखाली दबून सपाट झाला. शहाबादी फरशीवर चार तास उभं राहणाऱ्या माणसाला दुकानातला मऊपणा फसवतो. मी आता टाचेच्या जागी अंगठा जोरात दाबून बघते. अंगठा खालपर्यंत बुडाला तर तो जोड परत ठेवते. मग दोन्ही टोकं धरून वाकवते. चवड्याजवळ वाकला तर ठीक, कारण पायही तिथंच वाकतो. मधोमध दुमडला तर नको. आणि खरेदीला संध्याकाळी जाते. दिवसभर उभं राहिल्यावर पाय थोडा फुगतो आणि काम तर त्याच फुगलेल्या पायानं करायचं असतं.

कोल्हापुरात राहून पायताणाचा विचार केला नाही असं कसं होईल? माझ्याकडे कापशी घाटाच्या कोल्हापुरी चपलांचा जोड आहे, इथल्या चप्पल लाईन बाजारातून घेतलेला, नऊ वर्षं झाली. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, थरावर थर ठेवून चामड्याच्या वादीनं शिवलेलं, खिळा म्हणून कुठे नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून, तेव्हा मला घरातलंच कुणी पास झाल्यासारखं वाटलं होतं. लाकडाचं काम करणाऱ्याला त्या शिवणीकडे बघत बसावंसं वाटतं. पण पडवीत ती घालून गेले त्या दिवशी घासलेल्या सागाचा भुसा फरशीवर पडला होता. चामड्याचा गुळगुळीत तळ, गुळगुळीत दगड आणि मध्ये पिठासारखा भुसा. कॅरमबोर्डावर पावडर टाकल्यासारखा पाय गेला. टेबल धरलं म्हणून वाचले. शिवाय पावसाळ्यात आमची फरशी घामेजते, आणि कोल्हापुरीला ओल सोसत नाही. तिची जागा रस्त्यावर, देवळात, लग्नात. तिला भुशात ओढणं हा तिच्यावर अन्याय आहे.

तळाच्या नक्षीचंही असंच. खोल खाचांचा तळ पकड देईल असं वाटतं. पण भुसा त्या खाचांत ठासून बसतो, दहा मिनिटांत तळ सपाट होतो, आणि उंबरठ्यावर त्या भुशाचे चौकोनी तुकडे पडतात. उथळ, जवळजवळ ओळींची नक्षी असलेला रबरी तळ बरा. एकदा पायपुसण्यावर आपटला की मोकळा होतो.

उत्तर शेवटी आप्पांच्या जुन्या जगातूनच आलं. त्यांच्या बरोबरीनं काम केलेले एक काका अजून कधीतरी येतात. ते ओतकामावर होते. माझ्या पायाची हकिगत ऐकून ते म्हणाले, "ओतणाऱ्यानं नाडीचा बूट घालायचा नसतो, पोरी." मी विचारलं, का? वितळलेलं बीड चौदाशे अंशांच्या आसपास असतं. त्याचा एखादा थेंब बुटात गेला, तर नाडी सोडायला वेळ कुठला? म्हणून बाजूला इलॅस्टिक असलेला, घोट्यापर्यंत चढणारा बूट, आणि पँट बुटाच्या आत न खोचता बाहेर सोडायची, थेंब ओघळून खाली पडावा म्हणून. बूट एका झटक्यात निघाला पाहिजे. "पण चालताना मात्र हलला नाही पाहिजे," काका म्हणाले. "निघावा, पण निसटू नये."

मी इतके महिने शोधत होते ती गोष्ट काकांनी चार शब्दांत सांगितली. दुकानात गेलं की पटकन घालता येणारा जोड दाखवतात. मला हवा होता पटकन काढता येणारा. घालताना हात लागला तर माझी हरकत नव्हती. उलट आमच्या पडवीत तो लागलेलाच बरा. मागे चिंचेचं झाड आहे, पावसाळ्यात विंचू निघतात, आणि बूट उलटा करून झाडल्याशिवाय त्यात पाय घालायचा नाही हे इथं लहान मुलालाही ठाऊक असतं. काढताना मात्र हात रिकामे नसतात.

इलॅस्टिकचा बूट ही काही नवी युक्ती नाही. लंडनच्या स्पार्क्स-हॉल या चांभारानं, जो व्हिक्टोरिया राणीचे बूट करायचा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तिचं पेटंट घेतलं होतं. रबर टिकाऊ करायची कृती तेव्हा नुकतीच निघाली होती. राणीसाठी निघालेली वस्तू ओतकामावरच्या माणसाच्या पायात गेली, याचं मला फार बरं वाटतं.

पण माझ्या पायात ती जायला वेळ लागला. उद्यमनगराच्या आसपासच्या दुकानांत सेफ्टी शूज भरपूर, माझ्या मापाचे नाहीत. मला पाच नंबर लागतो. तिथं सुरुवातच सहापासून. "ताई, बायकांचं माप यात येत नाही," असं तीन दुकानांत ऐकलं. एकानं घरातल्या कुणासाठी हवेत का असं विचारलं. मी म्हटलं, घरातल्या माझ्यासाठीच. कारखान्यांत बायका काम करतात, गवंड्याच्या हाताखाली तर निम्म्या बायकाच दिसतात, आणि त्यांच्या पायांत काय असतं ते आपण रस्त्यानं जाताना रोज बघतो. या गोष्टीचा मला आजही राग येतो.

नुसतं लांबीचंही नव्हतं. आपले पाय चवड्याला रुंद असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभर लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले तेव्हा हेच दिसलं, आणि त्यावरून 'भ' नावाची भारतीय मापपद्धत पुढे आली. साध्या बुटाचं कातडं घालून घालून सैल होतं. सेफ्टी बुटात बोटांवर जी पोलादी टोपी असते तिचं तसं होत नाही. करंगळीला टोपीची कड लागली की ती रोज तिथंच लागणार. म्हणून चवड्याला रुंद असा सहा नंबरचा जोड घेतला आणि लांबीचं पुढे बघू म्हटलं. दोन नंबरांमधला फरक एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे साडेआठ मिलिमीटर. सुताराला ही फट भरता येण्यासारखी आहे.

पोलादी टोपी मला खरंच हवी का, यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. आयएस १५२९८ या भारतीय मानकाप्रमाणे सेफ्टी बुटाच्या टोपीनं २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे. म्हणजे २० किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरून टाकलं तर. माझी पटाशी पाव किलोची, टेबल ८५ सेंटिमीटर उंच. हिशेब येतो जेमतेम दोन ज्यूल. पटाशीसाठी टोपी लागत नाही, जाड कातडं लागतं, कारण तिचा धोका वजनात नसून धारेत आहे. पण मी सागाची फळीही उचलते. दोन मीटर लांब, एक फूट रुंद, चार सेंटिमीटर जाड. साग घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो, त्या हिशेबानं फळी जवळजवळ सोळा किलोची. ती टेबलावरून कडेवर पडली तर साधारण १३० ज्यूल. हा आकडा लिहिल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली. टोपी हवीच.

राहिली आतली फट आणि टाचेतली कळ. त्याचं उत्तर घरातच होतं, आईच्या पायात. आईला मधुमेह आहे, तळव्यांना जाणीव कमी झालीय. डॉक्टरांनी तिला एमसीआरच्या चपला दिल्यात. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, बारीक बंद बुडबुड्यांचं, दाबलं तर दबणारं पण बुडून न जाणारं. त्यामागे वेल्लोरचं मोठं काम आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये तिथं आले. कुष्ठरुग्णांच्या पायाला होणाऱ्या जखमा थेट रोगामुळे होत नाहीत, बधिर पायाला न जाणवलेल्या दाबामुळे होतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. मग तो दाब तळवाभर पसरवणारी पादत्राणं आली. आईच्या चपलांकडे मी तोवर औषधाची वस्तू म्हणून बघत होते. दुखणं येण्याच्या आधीच दाब पसरवून टाकायचा, ही कल्पना कुणाही उभं राहून काम करणाऱ्याच्या उपयोगाची आहे, हे ध्यानात यायला मला उशीर झाला.

एमसीआरचा सहा मिलिमीटरचा तुकडा आणला. जुना सुखतळा कागदावर ठेवून आकार काढला, कापला, आणि पुढची बाजू पॉलिशपेपरवर घासत घासत पातळ केली, बोटं टोपीला वर लागू नयेत म्हणून. टाचेकडे पूर्ण जाडी ठेवली. बुटात बसवला आणि उभी राहिले. टाच घट्ट बसली होती. मागे पाऊल घेतलं, बूट बरोबर आला. पडवीत इकडून तिकडे दहा वेळा उलटी चालले. आई दारात उभी राहून बघत होती. "अगं, उलटी का चालतेस?" म्हणाली. मी सांगितलं, पाय मागे घ्यायचा असतो ना. ती काही बोलली नाही, पण तिला आप्पांचं वाक्य आठवलं असावं.

एक अडचण उरली होती. इलॅस्टिकचा बूट निघतो, पण कशानं तरी टाच धरावी लागते. दुसऱ्या पायाच्या चवड्यानं मागून दाबून काढायला गेले आणि थांबले. असं रोज केलं तर सहा महिन्यांत टाच मोडणार. मग सागाचा एक उरलेला तुकडा घेतला, हातभर लांब, वीतभर रुंद. एका टोकाला घोड्याच्या नालासारखी खाच काढली आणि त्या टोकाखाली दोन इंची ठोकळा लावून ते उचललं. खाचेच्या आतल्या कडेला कातड्याची पट्टी चिकटवली, तुटलेल्या जुन्या पायताणाची. बुटाची टाच खाचेत अडकवायची, दुसरा पाय फळीच्या मागच्या टोकावर ठेवायचा आणि पाय वर ओढायचा. इंग्रजीत त्याला बूटजॅक म्हणतात. आई त्याला बेडूक म्हणते, कारण तो पुढून तोंड उघडून बसलेला दिसतो. शेजारी भिंतीत दोन खुंट्या ठोकल्यात. संध्याकाळी बूट त्यांवर उलटे टांगून ठेवते, भुसा गळून जातो, आणि विंचवाला आत बसायला जागा मिळत नाही.

काल एका चौरंगाच्या चारही पायांना एकदम सरस लावला होता. तो दोन्ही हातांनी आवळून धरलेला, पायांची कूस, म्हणजे वरचं टोक, सालीत, म्हणजे तिच्यासाठी कोरलेल्या खाचेत, पूर्ण बसलेली, आणि सांधा आवळून धरणारा शिकंजा राहिला होता आतल्या खोलीत. मी चौरंग तसाच छातीशी धरून दारापर्यंत गेले. डावी टाच बेडकात, मग उजवी. बूट जागेवर राहिले. मी मोज्यांनी उंबरठा ओलांडला, आणि आईनं न सांगता शिकंजा माझ्यासमोर धरला.